नाव न सांगणाऱ्यांचा पत्ता

मुंबईत, पुण्यात, नाशकात किंवा मडगावात आज संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्यातरी शाळेचा किंवा चर्चच्या आवारातला एखादा वर्ग उघडला जाईल. दिवसभर तिथे बाराखडी आणि पाढे म्हटले गेलेले असतील. आता त्याच बुटक्या बाकांवर मोठी माणसं येऊन बसतील. रिक्षावाला, बँकेतला अधिकारी, निवृत्त हवालदार, एखादा डॉक्टर, कॉलेज अर्धवट सुटलेला पोरगा. कुणीतरी पिशवीतून चार पाट्या काढून भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवेल, टेबलावर दोन-तीन पुस्तकं मांडेल, चहाची किटली येईल. दीड तासाने पाट्या पुन्हा पिशवीत जातील, बाकं सरळ होतील. आपल्या जागेवर बसून कुणीतरी काल रात्री दारूपायी घर कसं गेलं ते सांगत होता, याचा दुसऱ्या दिवशी मुलांना पत्ताही लागणार नाही.

ही अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग, सगळ्यांच्या तोंडी नुसतं 'एए'. सुमारे १८० देशांत त्यांचे एक लाखाहून जास्त गट आहेत आणि माणसं वीस लाखांच्या घरात. नेमका आकडा सांगता येत नाही, कारण हजेरीपट नाही, सभासदत्वाचा अर्ज नाही, वर्गणी नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. ती आहे की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुठल्या मुख्य कार्यालयाचा हुकूम गटावर चालत नाही. कुणाच्याच मालकीची नसलेली, स्वतःचं पूर्ण नाव न सांगणाऱ्या माणसांची ही मंडळी नव्वद वर्षं टिकून आहे आणि ज्याला गरज पडते त्याला सापडतेही. मला याचं फार नवल वाटतं. ते सापडणं कसं घडतं हे सांगायचं, तर आधी एका फोनची हकिकत सांगायला हवी. ही सगळी चळवळ त्या फोनपासून सुरू झाली.

साल १९३५, मे महिना. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायरच्या कारखान्यांचं गाव. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उमेदवारी केलेला बिल विल्सन एका कंपनीचा ताबा मिळवायच्या खटपटीत तिथे आला होता. डाव फसला, सोबतचे लोक परत गेले. खिशात दहाएक डॉलर उरलेले, शनिवारचा दिवस, मेफ्लॉवर हॉटेलची लॉबी. एका बाजूला बार आणि तिथून हसण्याबोलण्याचे आवाज. विल्सनची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. त्याआधी त्याने धंदा, पैसा, अब्रू सगळं घालवलं होतं. आता एकच घेऊ, कुणाला कळणार आहे, हा विचार मनात आला आणि तो घाबरला. लॉबीच्या दुसऱ्या बाजूला भिंतीवर गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. त्याने त्यातला एक पाद्री निवडला, फोन लावला आणि विचारलं, या गावात दारूच्या पार आहारी गेलेला एखादा माणूस मला गाठून द्याल का?

त्याने डॉक्टर मागितला नाही, उसने पैसे मागितले नाहीत, माझ्यासाठी प्रार्थना करा असंही म्हटलं नाही. स्वतःचा तोल जायची वेळ आली तेव्हा त्याला दुसरा दारुडा हवा होता. यामागे पाच महिन्यांचा अनुभव होता. न्यूयॉर्कमध्ये तो भेटेल त्या पिणाऱ्याला पकडून उपदेश करत होता, काहींना घरी आणून ठेवत होता, आणि एकाचीही सुटली नव्हती. हताश होऊन त्याने हे बायकोला, लोइसला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की तुझी तर सुटली आहे ना! त्याच्यावर उपचार करणारे डॉ. सिल्कवर्थ यांनीही त्याला बजावलं होतं की प्रवचन थांबव आणि आधी तुझ्या आजाराचं सांग. या दोन गोष्टी अ‍ॅक्रनच्या त्या लॉबीत जुळून आल्या.

पाद्र्याने काही नावं दिली. एकामागून एक फोन करत विल्सन हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या ओळखीत असा एक माणूस होता, डॉ. बॉब स्मिथ. सर्जन होता आणि ऑपरेशनच्या सकाळी हात थरथरत. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, संध्याकाळी पाच वाजता भेट ठरली. डॉ. बॉबने बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं की पंधरा मिनिटं, त्याच्या वर एक मिनिट नाही. तो तिथून उठला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. डॉक्टर असल्यामुळे दारूचे दुष्परिणाम त्याला पाठ होते, कळवळून समजावणारे लोकही पुष्कळ भेटले होते. स्वतःच्या अंगावरून गेलेलं सांगणारा माणूस मात्र त्याला पहिल्यांदाच भेटला होता.

एवढ्याने त्याची सुटली असं मात्र झालं नाही. काही आठवड्यांनी एका वैद्यकीय परिषदेला गेला आणि परत येताना शुद्धीवर नव्हता. घरी त्याला सावरलं. १० जून १९३५ च्या सकाळी ऑपरेशन होतं. हात स्थिर राहावेत म्हणून विल्सनने त्याला बिअरची एक बाटली दिली. ती डॉ. बॉबची शेवटची. तोच दिवस एए आपला स्थापनादिन मानते. या चळवळीचा जन्म कुठल्या भाषणातून किंवा ठरावातून झालेला नाही, एका माणसाच्या शेवटच्या घोटापासून तिचं वय मोजलं जातं, याचं मला विशेष वाटतं.

मग दोघांनी मिळून तिसरा शोधायला घेतला. गावच्या हॉस्पिटलात विचारलं, तर कळलं की नर्सना मारहाण केलेला एक वकील पलंगाला बांधून ठेवलाय. त्याच्या खाटेशेजारी दोघे जाऊन बसले आणि आपापली कहाणी सांगू लागले. तो वकील नंतर आयुष्यभर प्यायला नाही.

आता या सगळ्यातला उलटा प्रवाह बघा. मीटिंग शोधणारा माणूस मनात म्हणतो, मी लोकांना त्रास द्यायला चाललोय, माझं रडगाणं कोण ऐकणार. आणि आत बसलेले लोक त्याचीच वाट बघत असतात. अक्षरशः. नवा माणूस आला नाही तर जुन्याने आपली गोष्ट सांगायची कुणाला? एएच्या खोलीत सर्वांत महत्त्वाचा माणूस नवखा, असं तिथले जुने लोक सांगतात, आणि तो नुसता सौजन्याचा भाग नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात १,७२६ रुग्णांवर प्रोजेक्ट मॅच नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याची आकडेवारी पुढे काही संशोधकांनी वेगळ्या नजरेने तपासली. उपचारांच्या काळात जे स्वतः दुसऱ्या पिणाऱ्याला मदत करत होते, त्यांच्यापैकी ४० टक्के पुढचं वर्षभर पुन्हा प्यायले नाहीत. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. मदत करणारे मुळात जास्त निश्चयी असतील, हा आक्षेप रास्त आहे आणि तो लक्षात ठेवायला हवा. तरीही लोइसने नवऱ्याला जे सहज बोलून दाखवलं त्याच्याशी हे आकडे इतके जुळतात की मी थक्क झालो.

खोलीत काय चालतं? मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंग फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी. खुल्या मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं, बायको, भाऊ, मानसशास्त्राचा विद्यार्थी, शेजारी. एखाद्या खुल्या मीटिंगला जरूर जा. अध्यक्ष म्हणून टेबलामागे बसलेला माणूस त्या दिवसापुरता अध्यक्ष असतो. एखादा उतारा वाचला जातो. मग एकेक जण बोलतो. माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे. आडनाव नाही. सगळे एका सुरात त्याला नावाने नमस्कार करतात. आपल्याकडे आडनाव गळलं की जात गळते, गाव गळतं, हुद्दा गळतो. साहेब आणि साहेबांचा ड्रायव्हर एकाच बाकावर नुसत्या पहिल्या नावाने बसलेले मला दुसरीकडे कुठे दिसत नाहीत.

बोलणाऱ्याला कुणी मध्येच तोडत नाही. सल्ला देत नाही. प्रश्न विचारत नाही. बोलून झालं की टाळ्या किंवा 'थँक्यू', आणि पुढचा. पाच मिनिटं एक माणूस सांगतो की मुलीच्या गॅदरिंगला तो पिऊन गेला आणि पोरीने मैत्रिणींना सांगितलं, हे माझे काका आहेत. खोलीत कुणी 'अरेरे' करत नाही. दोन-तीन माना हलतात, एवढंच. पण त्या माना का हलतात हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं, कारण त्या प्रत्येकाकडे तशीच एक मुलगी, एक गॅदरिंग आहे. घरचे रागावतात, रडतात, शपथा घालतात आणि त्यांचं काही चुकत नाही. पण हे नुसतं मान हलवणं घरच्यांना जमत नाही, कितीही जीव टाकला तरी.

बोलणाऱ्याच्या भाषेत एक गोष्ट सारखी येते, ती म्हणजे आज. आयुष्यभर पिणार नाही अशी शपथ इथे घेतली जात नाही. आजचा दिवस पिणार नाही, उद्याचं उद्या बघू. पिणाऱ्या माणसाने देवाच्या, मुलांच्या, आईच्या शपथा डझनांनी घेतलेल्या आणि मोडलेल्या असतात. मोडलेली प्रत्येक शपथ पुढच्या घोटाचं निमित्त होते. चोवीस तासांची मुदत मात्र गाठता येण्यासारखी आहे, आणि जमली की दुसऱ्या दिवशी हातात एक पूर्ण झालेली गोष्ट असते. तलफ साधारण काही मिनिटांच्या लाटेत येते आणि ओसरते. ती लाट अंगावरून जाईपर्यंत कुणाला तरी फोन लावायचा. यासाठी नव्या माणसाला एक जुना सोबती मिळतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. रात्री अकराला फोन आला तर तो उचलायचा, ही त्याची बांधिलकी. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री, असा संकेत आहे.

आणि वाढदिवस! दारू सुटल्याचा पहिला वाढदिवस एए गटात साजरा होतो तेव्हा पन्नाशीचा माणूस एक वर्षाचा होतो. केक असतो, बहुतेक वेळा बायको आणि मुलं असतात.

या नाव न सांगण्याला दोन बाजू आहेत. पहिली सरळ आहे, येणाऱ्याला बदनामीची भीती नको. आपल्या गावाकडे हे विशेष खरं आहे. भर चौकात पिऊन पडलेला माणूस सगळ्या गावाने पाहिलेला असतो, पण सोडायच्या मीटिंगला जाताना मात्र तो तोंड लपवून दुसऱ्या गावच्या एसटीत बसतो. पिण्याची लाज वाटेनाशी झालेली असते, मदत मागण्याची वाटते. म्हणून पुष्कळ लोक आपल्या भागातली मीटिंग सोडून मुद्दाम लांबची शोधतात. तसं करायला काहीच हरकत नाही.

दुसरी बाजू पुढाऱ्यांना आवर घालण्याची. वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा यांत एएचा सभासद म्हणून आपलं नाव किंवा चेहरा द्यायचा नाही, असा दंडक आहे. विल्सनला १९५४ मध्ये येल विद्यापीठाने मानद पदवी देऊ केली तेव्हा त्याने ती नाकारली. जगाला त्याचं पूर्ण नाव खऱ्या अर्थाने कळलं ते १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या बातमीतून. आपल्याकडे बसथांब्यावर आणि सार्वजनिक बाकड्यावरही कुणाच्या तरी सौजन्याचं नाव असतं. त्या सवयीच्या डोळ्यांना हे समजायला वेळ लागतो.

पैशाचंही तसंच. मीटिंगमध्ये एक थैली फिरते, जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा. नव्या माणसाला सांगतात, तू आज काही टाकू नकोस. बाहेरची देणगी घ्यायचीच नाही. सुरुवातीच्या दिवसांत हे लोक जॉन रॉकफेलरकडे पैसे मागायला गेले होते. त्याला कामाचं कौतुक वाटलं. त्याने थोडी रक्कम दिलीही, पण मोठी रक्कम देण्याचं टाळलं, कारण पैशाने हे काम नासेल असं त्याचं मत होतं. एका अब्जाधीशाने न दिलेल्या पैशामुळे उभं राहिलेलं दुसरं काम मला तरी आठवत नाही.

हे सगळे नियम हौसेने केलेले नाहीत. एएच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८४० मध्ये, बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून दारू सोडली आणि 'वॉशिंग्टोनियन' नावाची चळवळ सुरू केली. तीही अनुभवकथनावरच चालायची. वाऱ्यासारखी पसरली, लाखो लोक आले. अब्राहम लिंकन यांनी १८४२ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या शाखेत भाषण केलं. आणि काही वर्षांतच सगळं विरलं. दारूबंदीचं राजकारण शिरलं, नामांकित वक्ते शिरले, न पिणाऱ्यांची गर्दी झाली, आणि पिणारा माणूस मागे पडला. हा इतिहास विल्सनच्या पिढीला ठाऊक होता. म्हणून १९५० मध्ये एएने ज्या बारा परंपरा स्वीकारल्या, त्यांत कुठल्याही वादावर मत द्यायचं नाही असं ठरलं. दारूबंदी असावी की नसावी, या प्रश्नावरही एए गप्प असते.

याने खरंच काही होतं का? वर्षानुवर्षं डॉक्टरांमध्ये यावर वाद होता. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षणात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण एकत्र तपासले गेले. एएकडे पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभर अजिबात न पिणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्के निघालं. इतर प्रस्थापित मानसोपचारांनंतर ते ३५ टक्के होतं. फरक प्रचंड नाही. पण एका बाजूला प्रशिक्षित तज्ज्ञ आणि त्यांची फी, दुसऱ्या बाजूला शाळेचा वर्ग आणि चहाची किटली, हे लक्षात घेतलं की तो लहानही वाटत नाही. उरलेल्या ५८ टक्क्यांनाही विसरून चालणार नाही. पुष्कळांची पुन्हा घसरण होते, आणि घसरून परत आलेल्याला या खोलीत नव्याने नमस्कार होतो.

हे कशामुळे घडतं, यावर मानसोपचार संशोधक जॉन केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलं आहे. त्यांना दिसलेलं सर्वांत ठळक कारण अगदी जमिनीवरचं आहे. माणसाची संगत बदलते. पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात. हे वाचताना मला वारकरी आठवले. 'त्याने माळ घातली' असं गावाकडे म्हणतात तेव्हा त्याने दारू आणि मटण सोडलं हे वेगळं सांगावं लागत नाही. तुळशीची माळ गळ्यात पडली की संध्याकाळची बैठक बदलते, गुत्त्याच्या वेळेला हरिपाठ येतो, आषाढात दिंडी येते, आणि आग्रह करणारे जुने सोबती गळ्याकडे बघून आपणहून बाजूला होतात. माळेने सुटलेले किती लोक असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण प्रत्येक गावाला त्यातले दोन-चार माहीत असतात.

एए हा एकच रस्ता नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. दारूतून बाहेर पडण्यासाठी तिने आखलेल्या बारा पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो. ती शक्ती कोणती हे ज्याचं त्याच्यावर सोपवलेलं असलं तरी काहींना ती भाषा रुचत नाही. अशांसाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे विवेकाच्या आणि वर्तनाच्या तंत्रांवर चालणारे गट आहेत, त्यांच्या ऑनलाइन मीटिंगाही होतात. जपानमध्ये दान्शुकाई नावाच्या मंडळांत तर नाव लपवत नाहीत आणि नवरा-बायको जोडीने येतात. आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू झालं. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीने त्याला पहिला आधार मिळाला. तिथेही उपचार संपवून घरी गेलेल्यांसाठी ठिकठिकाणी पाठपुराव्याच्या मीटिंगा होतात, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्यांना धीर देतात.

आता एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली. जो माणूस रोज, भरपूर, वर्षानुवर्षं पितो, सकाळी उठल्यावर ज्याला हात थरथरू नयेत म्हणून घ्यावी लागते, त्याने मीटिंगमधून स्फूर्ती घेऊन त्याच रात्री एकदम बंद करू नये. आधी डॉक्टर. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक काढून घेतली की काही तासांत कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, वेळ-काळ कळत नाही, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येतो. औषधांनी हे टाळता येतं. एए डॉक्टर नाही आणि तसा दावाही करत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांत कुठल्याही गटाने ढवळाढवळ करायची नसते. कुणी केली तर ऐकू नका.

आणि हा प्रश्न किती घरांचा आहे? केंद्र सरकारच्या वतीने एम्सच्या तज्ज्ञांनी केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दारूच्या प्रश्नासाठी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे पावणेसहा कोटी आहेत, असं त्यात म्हटलं आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठले ना कुठले उपचार मिळाले होते. उरलेले ३७ जण कुठे जातात, हा विचार मला काही सुचू देत नाही.

मग शोधायचं कसं? भारतात ही चळवळ १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, आणि मोठ्या शहरांत आज आठवड्याच्या जवळजवळ प्रत्येक वारी कुठे ना कुठे मीटिंग असते. इंटरनेटवर एए इंडियाचं संकेतस्थळ आहे, तिथे शहरानुसार गट, वार आणि वेळ मिळते. 'मीटिंग गाइड' नावाचं मोफत अ‍ॅप आहे, ते तुम्ही उभे आहात तिथून जवळच्या मीटिंगा दाखवतं, पण त्यातली माहिती ठिकठिकाणच्या एए कार्यालयांकडून आलेली असते, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करावी. शाळेला सुट्टी लागली की खोली बदलते. हे फोन बहुधा पगारी माणूस उचलत नाही. उचलणाऱ्याने स्वतः कधीकाळी असाच फोन केलेला असतो. त्याला तीन गोष्टी विचारा: मीटिंग मराठीत आहे का, खुली आहे की बंद, आणि बाई येणार असेल तर तिथे बायका असतात का. पिणाऱ्या बाईकडे आपला समाज ज्या नजरेने बघतो, त्यामुळे पुरुषांनी भरलेल्या खोलीत पाऊल टाकणं तिला दुप्पट जड जातं. तिच्यासाठी स्त्रियांच्या मीटिंगा आणि ऑनलाइन मीटिंगा आहेत, त्या विचारून घ्या. इंटरनेट नसेल तर सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक व्यसनमुक्तीच्या मदतीसाठीच आहे. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, जवळचं व्यसनमुक्ती केंद्र, यांनाही आसपासचे गट माहीत असतात.

एकट्याने जायचा धीर होत नसेल तर फोनवर तसं सांगा. गटातलं कुणीतरी बसस्टॉपवर घ्यायला येतं. घरी यायला सांगितलं तर दोघे मिळून येतात, एकटा कुणी येत नाही, अशी जुनी पद्धत आहे. पहिली मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या गटात जा. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो, कुठे वाचनावर भर, कुठे नुसत्या गप्पा, कुठे फार प्रार्थना. चार-पाच ठिकाणी बसून पाहावं आणि मग ठरवावं. बोलायची सक्ती नाही. नाव सांगून 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं.

घरच्यांचं वेगळं दुखणं असतं. नवऱ्याची दारू सुटल्यावर लोइस विल्सनच्या लक्षात आलं की आता तो रोज मीटिंगला पळतोय आणि आपण तशाच रिकाम्या आहोत. एकदा त्याने 'चल लवकर' म्हणून घाई केली तेव्हा तिने संतापून बूट फेकून मारला. पुढे हा प्रसंग तीच सांगत असे. दारू पीत असताना जिने वर्षानुवर्षं घर ओढलं, तिला दारू सुटल्यावर का राग येतो, या प्रश्नातून १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन उभी राहिली. पिणारा अजून पीत असला, मीटिंगचं नाव काढू देत नसला, तरी बायको, आई, भाऊ तिथे जाऊ शकतात. पिणारा तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही, हे अनेक घरांना माहीतच नसतं.

तालुक्याच्या गावी गटच नसेल तर? एएच्या परंपरेनुसार दोन-तीन माणसं दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र जमली की तो गट झाला. परवानगी नको, नोंदणी नको. एक ठरलेली जागा, एक ठरलेला वार, एक ठरलेली वेळ. गावातल्या डॉक्टरला, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि पोलीस ठाण्याला हे तीन तपशील सांगून ठेवायचे, म्हणजे पुढचा माणूस विचारत आला की ते त्याला पाठवतील. मुंबई किंवा पुण्याच्या गटाला कळवलं तर ते मराठी पुस्तकं देतात आणि सुरुवातीच्या काही मीटिंगांना माणसंही येतात. आणि दुसरा माणूसच नसेल, तर त्याचीही सोय फार पूर्वी झालेली आहे. महिनोन्महिने बोटीवर असलेले खलाशी आणि एकाकी वस्त्यांवरचे सभासद एकमेकांना पत्रं लिहून मीटिंग चालवत. २०२० च्या टाळेबंदीत शाळांचे वर्ग बंद झाले तेव्हा हजारो गट फोनवर आणि झूमवर गेले आणि त्यांतले पुष्कळ अजून तिथे भेटतात. गडचिरोलीतला माणूस आज मराठी मीटिंगमध्ये दुबईतल्या मराठी माणसाचं ऐकू शकतो. त्यासाठी लागतो तो फोन, आणि नाव सांगताना नुसतं पहिलं नाव.